वाचकांचे प्रश्न : हिंगण्याचे विद्यापीठ

मागील एका अंकातील लेखात, १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्याला पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झालेल्या महिला विद्यापीठाचा ओझरता उल्लेख आला होता. त्या दोन ओळींवर एवढी पत्रे येतील असे आम्हाला वाटले नव्हते. बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता: सरकारची मान्यता नसलेले, खासगी वर्गणीवर चाललेले एवढेसे विद्यापीठ पस्तीस वर्षे टिकले कसे आणि तेथे शिकणाऱ्या मुलींचे दिवस जात कसे? त्यातील काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब होती, म्हणून ती थोडक्यात दिली आहेत.

आमच्या आजीच्या ट्रंकेत, खणांच्या खाली, चार घड्या घातलेला एक कागद सापडला. त्यावर विद्यापीठाचे लांबलचक नाव, १९३४ हे साल आणि ‘जी. ए.’ अशी पदवी आहे. माझा मुलगा म्हणतो, अशी पदवी कुठेच नसते. हा कागद कुठल्यातरी खासगी क्लासचा असेल. आजी लग्नानंतर घरी अभ्यास करून परीक्षेला बसली होती, एवढे आईकडून ऐकले आहे. ही पदवी खरी आहे का? (एक वाचक, सातारा)

पदवी खरी आहे. आपल्या चिरंजीवांची शंकाही अगदीच निराधार नाही, कारण आजींनी ती मिळवली तेव्हा सरकारदरबारी तिला मान्यता नव्हती. ‘जी. ए.’ म्हणजे ‘गृहीतागमा’. आगम म्हणजे शास्त्र, आणि ते जिने ग्रहण केले ती गृहीतागमा. त्याच्या वरची पदवी ‘प्रदेयागमा’, म्हणजे ज्ञान दुसऱ्याला देण्याइतकी जिची तयारी झाली आहे ती. तिची अक्षरे ‘पी. ए.’. आज ‘जी. ए.’ म्हटले की मराठी वाचकाला एका थोर कथाकाराची आद्याक्षरे आठवतात, पण १९२०-३०च्या दशकांत सुशिक्षित घरांतून ही दोन अक्षरे सुनेच्या किंवा लेकीच्या नावापुढे अभिमानाने लावली जात. संस्कृत व्याकरणाची आवड असणाऱ्यांच्या ध्यानात येईल की दोन्ही नावे स्त्रीलिंगी आहेत. बी. ए. झालेली स्त्री आणि बी. ए. झालेला पुरुष यांची पदवी एकच असते. गृहीतागमा मात्र फक्त स्त्रीच होऊ शकत असे.

प्रवेशपरीक्षेनंतर तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम होता. आजी घरी राहून परीक्षेला बसल्या, हेही पूर्णपणे जुळते. बाहेरून परीक्षा देण्याची मुभा या विद्यापीठाने ठेवली होती, आणि आमच्या मते त्याच्या साऱ्या नियमांत हा एक नियम सर्वांत शहाणपणाचा होता. ज्या घरात सून दुपारी दोन तास पुस्तक घेऊन बसू शकते, पण पुण्याला वसतिगृहात जाऊन राहू शकत नाही, अशी घरे त्या काळी किती तरी होती. कागदावरचे लांबलचक नाव ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतवर्षीय महिला विद्यापीठ’ असे असेल. त्याच्या आद्याक्षरांवरून आज आपण त्यालाच एस. एन. डी. टी. म्हणतो. पुढे इतर विद्यापीठांप्रमाणे बी. ए., एम. ए. हीच नावे तेथेही आली आणि गृहीतागमा हा शब्द जुन्या ट्रंकांपुरता उरला.

कागद घडीवर फाटण्याच्या बेतात असेल तर चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडून कागदही खाते. घड्या उलगडून तो सपाट ठेवावा, एवढे पुरे.

या विद्यापीठाची कल्पना धोंडो केशव कर्वे यांना एका जपानी पुस्तिकेवरून सुचली असे सांगतात. ही दंतकथा तर नाही ना? (एक प्राध्यापक, कोल्हापूर)

दंतकथा नाही. कर्व्यांनी स्वतःच ही हकिकत सांगितली आहे, आणि स्वतःकडे फारसे श्रेय न घेण्याच्या त्यांच्या स्वभावाला ती शोभणारीही आहे. जिन्झो नारुसे या शिक्षणतज्ज्ञाने १९०१ साली टोकियोत स्त्रियांचे विद्यापीठ काढले होते. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका कोणीतरी कर्व्यांकडे पाठवली. ती त्यांनी वरवर चाळली आणि बाजूला ठेवून दिली. त्या वेळी हिंगण्याचा विधवांसाठीचा आश्रम आणि त्याला जोडलेले महिला विद्यालय हाच त्यांचा सारा व्याप होता. १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून १९१४ मध्ये ते निवृत्त झाले होते.

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि अध्यक्षीय भाषणात काय सांगावे याचा विचार करीत असताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली. या वेळी त्यांनी ती नीट वाचली. भाषणात त्यांनी भारतातील स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली. तिच्यात मुख्य मुद्दे तीन होते: शिक्षण मातृभाषेतून द्यावे, इंग्रजी हा विषय मात्र आवश्यक असावा, आणि अभ्यासक्रम स्त्रियांच्या गरजा पाहून आखावा.

भाषणात योजना मांडणारे पुष्कळ असतात. कर्वे मुंबईहून परतल्यावर देशभर हिंडू लागले. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न होते, गाठीला संस्थेचा पैसा जेमतेम, आणि वक्तृत्व म्हणावे तर तेही बेताचेच. तरीही सहा महिन्यांच्या आत वर्गणीदार मिळाले, त्यांनी निवडलेली सेनेट, म्हणजे विद्यापीठाची नियामक सभा, तयार झाली आणि ३ जून १९१६ रोजी पुण्यात तिची पहिली बैठक भरली. कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर झाले आणि कुलगुरू रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. कुलपती, कुलगुरू, सेनेट असा सगळा थाट आधी उभा राहिला आणि विद्यार्थिनी त्यानंतर महिन्याभराने आल्या, त्याही पाच. टवाळी करणाऱ्यांना यापेक्षा चांगले निमित्त मिळणे कठीण होते.

येथे एक तुलना करावीशी वाटते. बनारस हिंदू विद्यापीठही त्याच सुमारास स्थापन झाले, पण त्यासाठी १९१५ मध्ये रीतसर कायदा करून घ्यावा लागला. राजेमहाराजांच्या देणग्या आणि व्हाइसरॉयच्या हस्ते कोनशिला हे सारे त्याच्या वाट्याला आले. कर्व्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. सरकारी शिक्का मिळेपर्यंत थांबायचे ठरवले तर आपल्या हयातीत काहीच होणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. शिक्का मिळायला १९५१ साल उजाडले. त्या वेळी कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते आणि तो दिवस त्यांनी पाहिला, पण १९१६ मध्ये अशा आयुष्याचा भरवसा कोण धरणार?

हिंगण्याला मुली राहत कशा? शिकवायला कोण होते? पाच विद्यार्थिनींचे कॉलेज म्हणजे एखाद्या घरातली शिकवणीच की! (एक विद्यार्थिनी, नागपूर)

शिकवणी म्हणायला हरकत नाही, पण ती माळरानावरची होती. हिंगणे म्हणजे आजचे कर्वेनगर. आज तेथे वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडणे मुश्कील होते. त्या काळी ते पुणे शहरापासून चार मैलांवरचे खेडे होते. विधवांसाठीचा आश्रम कर्व्यांनी १८९९ मध्ये प्रथम पुण्यातच सुरू केला होता. शहरात प्लेगने धुमाकूळ घातल्यामुळे १९०० मध्ये तो हिंगण्याला हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, आणि त्या जमिनीवर एक झोपडी उभी राहिली. आश्रमाची पहिली वास्तू तीच.

कर्वे त्या वेळी फर्ग्युसनमध्ये शिकवीत होते आणि त्यांचे कुटुंब पुण्यात राहत होते. संध्याकाळी कॉलेजचे काम संपले की ते हिंगण्याची वाट धरीत. वाट कसली, दगडधोंड्यांची पाऊलवाट. पावसाळ्यात चिखल एवढा की चपला हातात घेऊन चालावे लागे. आश्रमाला लागणारे सामानसुमान पुष्कळदा स्वतः वाहून न्यायचे, रात्री मुलींना शिकवायचे, तेथेच झोपायचे आणि सकाळी पुन्हा चालत येऊन गणिताच्या तासाला उभे राहायचे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. आज त्या वाटेच्या बऱ्याच भागावर त्यांच्याच नावाचा रस्ता आहे.

विद्यापीठाची पाठशाळा, म्हणजे कॉलेज, सुरू झाली ती याच परिसरात, त्यामुळे या कॉलेजच्या शेजारी विधवांचा आश्रम आणि कुमारिका-विवाहितांचे विद्यालय असे दुहेरी शेजार होते. वयांचे अंतर मोठे होते. विशीतली विधवा बाराखडी गिरवीत आहे आणि तिच्याहून लहान मुलगी पलीकडे पदवीचा अभ्यास करीत आहे, असे दृश्य तेथे नवलाचे नव्हते. घरकामाचा बराचसा भार मुलींवरच असे. नोकर ठेवण्याइतके पैसे संस्थेकडे नव्हते, आणि असते तरी कर्व्यांनी ते त्यावर खर्चले असते असे वाटत नाही.

शिकवणाऱ्यांत कादंबरीकार वामन मल्हार जोशी होते. तत्त्वज्ञानाचा हा अभ्यासक मोठ्या पगाराची अपेक्षा सोडून हिंगण्याला आला आणि तेथेच रमला. स्त्रीशिक्षणाची चर्चा करणाऱ्या कादंबऱ्यांचा लेखक रोज सकाळी त्याच चर्चेच्या जित्याजागत्या विषयांसमोर उभा राहून तर्कशास्त्र समजावतो, यातली गंमत त्या मुलींच्याही लक्षात आली असेलच. त्यांच्यासारख्या प्राध्यापकांपुढची खरी अडचण पुस्तकांची होती. पदवीच्या पातळीवरची मराठी पुस्तके जवळपास नव्हतीच. पुस्तक इंग्रजी, व्याख्यान मराठीत आणि उत्तरपत्रिकाही मराठीत, असा तो प्रकार होता. एखाद्या पारिभाषिक शब्दाला मराठी प्रतिशब्द वर्गातच घडवावा लागे. मातृभाषेतून उच्च शिक्षण या विषयावर आज परिसंवाद होतात, तेव्हा निजामाच्या राज्यात १९१८ साली निघालेल्या उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाचे नाव आवर्जून घेतले जाते आणि ते योग्यच आहे; हिंगण्याचा हा प्रयोग त्याच्याही दोन वर्षे आधीचा होता, हे मात्र बहुधा कोणी सांगत नाही. पुढे अहमदाबाद आणि बडोदे येथील पाठशाळा विद्यापीठाला जोडल्या गेल्या आणि तेथे हेच काम गुजरातीतून होऊ लागले.

पार्वतीबाई आठवले यांचे नाव घेतल्याशिवाय हिंगण्याची गोष्ट सांगणे बरे नाही. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया, यांची ही बहीण. लहान वयात वैधव्य आले, मोठेपणी शिकल्या, आश्रमाचा कारभार पाहिला, आणि गावोगाव फिरून भाषणे करीत वर्गणी गोळा केली. १९१८ मध्ये, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तेथे परक्या घरांतून घरकाम करून त्यांनी पोट भरले, भाषा शिकून घेतली आणि संस्थेसाठी पैसेही मिळवले. विद्यापीठाच्या इतिहासात कुलपती-कुलगुरूंची नावे ठळक छापली जातात. आम्हाला विचाराल तर पार्वतीबाईंचे नाव त्याच ठशात छापायला हवे.

मुंबई विद्यापीठ स्त्रियांना बंद नव्हते. मग वेगळे विद्यापीठ कशाला? ‘स्त्रियांच्या गरजेचा अभ्यासक्रम’ म्हणजे शेवटी स्वयंपाकपाणीच ना? (एक वाचक, मुंबई)

प्रश्न रोखठोक आहे आणि तो त्या काळीही विचारला गेला होता. मुंबई विद्यापीठ स्त्रियांना बंद नव्हते, हे खरेच. कॉर्नेलिया सोराबजी १८८० च्या दशकातच पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या होत्या. परंतु १९१५ पर्यंत त्यांच्या मागोमाग जाणाऱ्या स्त्रिया फार थोड्या निघाल्या. कर्व्यांचे निदान असे होते की सारे विषय परक्या भाषेतून शिकण्याचा बोजा, त्यासाठी जाणारी जादा वर्षे आणि मुलीच्या लग्नाची घाई या तिन्हींची सांगड बसत नाही. ज्या मुलींना पुरुषांच्या बरोबरीने त्याच परीक्षा द्यायच्या आहेत त्यांनी खुशाल द्याव्यात, त्यांना ते अडवीत नव्हते. उरलेल्या बहुसंख्य मुलींसाठी त्यांना दुसरा दरवाजा उघडायचा होता. माध्यम मराठी केल्याने अभ्यासाची मुदत कमी होऊ शकली, आणि त्या काळच्या आईबापांच्या दृष्टीने मुलीच्या शिक्षणातले एक वर्ष वाचणे ही मोठी गोष्ट होती.

आता स्वयंपाकपाण्याविषयी. गृहव्यवस्था, आरोग्यशास्त्र, मुलांचे मानसशास्त्र असे विषय अभ्यासक्रमात आवर्जून घातलेले होते आणि स्त्रीचे मुख्य क्षेत्र घर हे गृहीतक त्यामागे होते, यात वाद नाही. आजच्या वाचकाला ते खटकते, आम्हालाही खटकते. तरी त्याच वर्गात इंग्रजी वाङ्मय, इतिहास आणि तर्कशास्त्र शिकलेल्या मुली घराच्या उंबरठ्याशी थांबल्या नाहीत, हेही तितकेच खरे. न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे याच विद्यापीठाच्या जी. ए.; पुढे त्यांनी युरोपात जाऊन प्राग येथे डॉक्टरेट मिळवली. इरावती कर्वे येथे शिकल्या नसल्या तरी मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला येण्याआधी, १९३१ ते १९३६ या काळात, त्यांनी या विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून कचेरी सांभाळली होती.

आमचा आक्षेप अभ्यासक्रमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीला आहे. मान्यता नसल्याची किंमत संस्थापकांपेक्षा विद्यार्थिनींनी अधिक मोजली. वर्गणीदाराची वर्गणी आणि कुलगुरूंची प्रतिष्ठा शिक्क्यावाचून अडत नव्हती. सरकारी नोकरीसाठी किंवा दुसऱ्या विद्यापीठात पुढे शिकण्यासाठी जी. ए.चा कागद पुढे करणाऱ्या मुलीचे मात्र अडत असे. संख्या वर्षानुवर्षे लहान राहिली त्याचे मुख्य कारण हेच. कर्व्यांना याची जाणीव होती, आणि तरीही त्यांनी ही वाट सोडली नाही. ते बरोबर होते की चूक, याचा निवाडा साताऱ्याच्या वाचकांच्या आजींनीच करायला हवा होता.

महात्मा गांधींचा या विद्यापीठाला विरोध होता, असे एका व्याख्यानात ऐकले. खरे काय? (एक वाचक, वर्धा)

विरोध नव्हता, मतभेद होता, आणि तो एकाच मुद्द्यावर होता. मातृभाषेचे माध्यम गांधीजींना मनापासून पसंत होते. इंग्रजी आवश्यक विषय ठेवणे त्यांना पटत नव्हते. तो ऐच्छिक असावा असे त्यांचे म्हणणे होते. कर्वे या बाबतीत मागे हटले नाहीत. शेवटी गांधीजींनी आपले मत कायम ठेवून कर्व्यांसाठी म्हणून वार्षिक दहा रुपये वर्गणी देण्याचे कबूल केले. दोघेही आपापल्या जागी ठाम राहिले आणि दहा रुपयांची पावती मात्र फाटली.

ठाकरसी कुटुंबाने किती पैसे दिले होते? आणि पुण्याचे विद्यापीठ मुंबईला का गेले? (एक वाचक, ठाणे)

रक्कम १५ लाख रुपयांची होती. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी १९२० मध्ये ती जाहीर केली. त्याआधी विद्यापीठाचा संसार बारीकसारीक वर्गण्यांवर आणि डॉ. विठ्ठल राघोबा लांडे यांच्यासारख्या एखाद्या मोठ्या मनाच्या दात्याने सोडलेल्या मिळकतीवर चालला होता. विठ्ठलदास जपानला जाऊन तेथील महिला विद्यापीठ पाहून आले होते, त्यामुळे कर्व्यांना काय करायचे आहे हे त्यांना निराळे समजावून सांगावे लागले नाही. ज्या संस्थेची कल्पना एका जपानी पुस्तिकेतून निघाली तिला पैसाही जपानच्या वाटेने यावा, हा योगायोग मोठा मजेदार आहे.

१५ लाख म्हटल्यावर पैशांची रास डोळ्यांपुढे येते, पण विद्यापीठाच्या हाती पडायचे ते साडेतीन टक्क्यांचे व्याज, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये. तेवढेही पुण्याच्या त्या छोट्या संस्थेला स्वप्नवत होते. देणगीबरोबर अटी होत्या: विठ्ठलदासांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला द्यावे, आणि त्याचे मुख्य ठाणे मुंबईला न्यावे. पहिली अट लगेच पाळली गेली. दुसरी पाळायला सोळा वर्षे लागली.

पुढे काही वर्षांतच विठ्ठलदास वारले. त्यानंतर देणगीच्या अटींवरून त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात वाद उपस्थित झाला आणि व्याजाचे पैसे काही काळ थांबले. कर्मचाऱ्यांचे पगार भागवणेही अवघड झाले असेल, हे सांगायला नको. या ओढाताणीच्या काळाआधीच, १९२९ च्या मार्चमध्ये, सत्तरी ओलांडलेले कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले होते. युरोप आणि अमेरिका करून ते जपानला पोहोचले, आणि ज्या संस्थेची पुस्तिका एके काळी त्यांनी बाजूला सारली होती ती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. परतल्यावर वर्षही पुरते उलटले नाही तोच ते पूर्व आफ्रिकेत गेले. तेथील भारतीय व्यापाऱ्यांकडून वर्गणी मिळण्याची आशा होती आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव शंकर तिकडेच होते. पुढे वाद तडजोडीने मिटला आणि १९३६ मध्ये विद्यापीठाची कचेरी मुंबईला गेली. पुण्यातले कॉलेज पुण्यातच राहिले.

लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी पतीच्या माघारी या संस्थेत नुसते नावापुरते लक्ष घातले नाही. १९५१ मध्ये विद्यापीठाला कायद्याचा दर्जा मिळाला तेव्हा पहिल्या कुलगुरू त्याच झाल्या.

एवढ्याशा खासगी विद्यापीठाची सुरुवात आज कोणी करू शकेल का? आमच्या संस्थेत काही जणांचा तसा विचार चालू आहे. (एक शिक्षणसंस्थाचालक, सांगली)

कर्व्यांच्या पद्धतीने, म्हणजे आधी विद्यापीठ आणि मग मान्यता, अशी सुरुवात आज करता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचे कलम २२ असे सांगते की पदवी देण्याचा अधिकार संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. कलम २३ तर त्याच्याही पुढे जाते: अशा प्रकारे स्थापन न झालेल्या संस्थेला आपल्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्दसुद्धा लावता येत नाही. १९१६ ची पाच विद्यार्थिनींची संस्था आजच्या कायद्यात सरळ बोगस ठरली असती.

ही कडक तरतूद विनाकारण आहे असेही नाही. छत्तीसगडमध्ये २००२ च्या एका कायद्याखाली अल्पावधीत ११२ खासगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली. कित्येकांना धड इमारत नव्हती. ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द केल्या. हिंगण्यालाही धड इमारत नव्हती, हे आम्ही विसरलेलो नाही. फरक एवढाच की हिंगण्याचे चालक तेथून काही घेऊन जात नव्हते. असलेले तेथे आणून टाकीत होते. तो फरक कायद्याच्या कलमात मांडता येत नाही, म्हणून कायदा सर्वांनाच एका मापाने मोजतो.

आपला विचार पक्का असेल तर राज्य शासनाकडे रीतसर प्रस्ताव, विधिमंडळाचा कायदा आणि आयोगाच्या २००३ च्या खासगी विद्यापीठविषयक नियमांची पूर्तता हा मार्ग आहे. तोवर एखाद्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय काढणे अधिक सोपे पडेल, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते अधिक सुरक्षितही आहे.

पुढील महिन्यात मुलींची सहल घेऊन पुण्याला येत आहोत. या इतिहासातले आज काय पाहायला मिळेल? (एक शिक्षिका, परभणी)

कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात जुनी झोपडी जपून ठेवली आहे. आधी तेथे जावे. संस्थेला आगाऊ पत्र लिहून वेळ ठरवून घेतलेली बरी, कारण ते नांदते शैक्षणिक आवार आहे आणि परीक्षेच्या दिवसांत बाहेरच्या गटांना फिरवणे त्यांना सोयीचे नसते. तेथून परतताना कर्वे रस्त्यावर एस. एन. डी. टी.चे पुण्यातील आवार लागते. विद्यापीठाच्या बोधचिन्हावरचे ‘संस्कृता स्त्री पराशक्तिः’ हे वचन मुलींना वाचायला सांगावे. आठवी-नववीच्या मुली असतील तर संधी सोडवण्याचा अभ्यासही त्यातच होईल.

वेळ असल्यास झोपडीपासून फर्ग्युसन कॉलेजपर्यंतचे अंतर बसने न जाता पायी जाऊन पाहावे. मुलींना तासाभराहून अधिक लागेल. सकाळी लवकर निघावे, पाण्याच्या बाटल्या बरोबर घ्याव्यात आणि कर्वे रस्त्यावर पदपथ सोडू नये.